पॅलिएटिव्ह केअरच्या संशोधनात उतरायचंय? इंदुरातल्या सहकाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी इंदुरात घरोघरी जाऊन कॅन्सरच्या आणि इतर न हटणाऱ्या आजारांच्या रुग्णांची सेवा करणारी नर्स आहे. आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या या सेवेलाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. गृहभेटी करता करता संशोधनाकडे वळले, आणि आता नव्याने येणाऱ्या मुलामुलींना दोन्ही शिकवते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, राजवाड्याच्या आसपासच्या आपल्या मराठी घरांतून आलेल्या नर्सेस, फिजिओ, फार्मासिस्ट, रेसिडेंट डॉक्टर भेटले की फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मी साधी स्टाफ नर्स. संशोधन हे मोठ्या डॉक्टरांचं काम नाही का?

पॅलिएटिव्ह केअरचा पाया ज्यांनी घातला त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं, मग त्या हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या आणि १९५७ साली डॉक्टर. लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये त्यांनी तिथल्या नर्सेसची एक रीत पाहिली होती. दुखायला लागण्याची वाट न पाहता, घड्याळ बघून, ठरावीक वेळाने तोंडाने मॉर्फिन हे वेदनाशामक द्यायचं. तीच रीत त्यांनी पुढे सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, नेली आणि एकेका रुग्णाच्या नोंदी ठेवत गेल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे स्वतःचं हॉस्पिस उघडलं तेव्हा सेवा, शिक्षण आणि संशोधन या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून एका छपराखाली होत्या. आज आपण सगळे दर चार तासांनी मॉर्फिन देतो, त्याच्या मुळाशी नर्सेसचं निरीक्षण आहे.

रात्री तीनला रुग्ण नेमका कशाने जागा होतो हे तुम्हाला माहीत असतं. व्यसन लागेल या भीतीने मॉर्फिनची गोळी उशीखाली कोण लपवतं, हे गृहभेटीला जाणाऱ्यालाच दिसतं. साठ्याचं रजिस्टर फार्मासिस्टच्या हातात असतं, आणि दम लागलेल्या माणसाला कसं बसवलं की बरं वाटतं हे फिजिओ जाणतो. प्रश्न इथेच सुचतात. पुढची पद्धत शिकता येते.

जे जाणारच आहेत त्यांच्यावर संशोधन कशाला? त्यांना शांतपणे जाऊ द्यावं.

ही भावना मला परकी नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच म्हणत असे. मत बदललं ते ऑक्सिजनमुळे.

आपल्याकडे घरी रुग्णाला दम लागला की घरचे धावत जाऊन सिलिंडर भाड्याने आणतात. नळी नाकात जाते, तोंड कोरडं पडतं, माणूस खाटेला जखडला जातो. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ रुग्ण. सगळ्यांना दम लागत होता, पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला नव्हता. अर्ध्यांना नळीतून ऑक्सिजन दिला, अर्ध्यांना त्याच प्रकारच्या नळीतून साधी हवा, सात दिवस. आराम दोन्हीकडे सारखाच पडला. म्हणजे अशा रुग्णाला साध्या हवेहून जास्त काही त्या सिलिंडरमधून मिळत नव्हतं. चेहऱ्यावर धरलेल्या छोट्या पंख्याने दम कमी जाणवतो, हेही त्याच सुमारास एका छोट्या चाचणीतून पुढे आलं. पंखा कुणालाही परवडतो आणि नातीच्या हातातही राहतो.

दुसरा अभ्यास २०१७ चा, ऑस्ट्रेलियातला. शेवटच्या टप्प्यात भ्रम झालेले २४७ रुग्ण. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल दिलेल्यांची लक्षणं नुसतं प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) आणि चांगली शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा जास्त निघाली. ही औषधं आपण किती सहज देत आलो होतो! आणि २०१० मध्येच बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांच्या सोबतीला निदान झाल्याझाल्या पॅलिएटिव्ह टीम आली, त्यांचं रोजचं जगणं बरं राहिलं, उदासी कमी राहिली. आयुष्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ, ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने निघाला. पॅलिएटिव्हकडे पाठवलं म्हणजे हात टेकले, असं समजणाऱ्या डॉक्टरांना मी हा आकडा सांगते.

शांतपणे जाऊ द्यावं हे खरंच. पण शांतपणा कशाने येतो, हे तपासून पाहावं लागतं.

हे सगळं तर परदेशातलं. इंदुरात बसून काय विचारणार?

इथलेच प्रश्न विचारा, ते दुसरं कुणी विचारणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते, मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. गरज असलेले बहुतेक लोक आपल्यासारख्या देशांत राहतात, आणि छापून येणारे बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले असतात.

आपल्या माळव्यातलीच गोष्ट घ्या. मॉर्फिन ज्यापासून निघतं ती अफू मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते. नीमचला अफूपासून औषधी द्रव्यं काढणारा सरकारी अल्कलॉइड कारखाना आहे. आणि त्याच पट्ट्यातून गंगवाल किंवा सरवटे बसस्टँडवर उतरणारा तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिनचा एक दाणाही पोटात न जाता इथवर येतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार इतके धास्तावले की गोळी मिळेनाशी झाली. २०१४ मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवण्याचा रस्ता सोपा झाला. कागदावर.

मग प्रश्न असा: तीव्र वेदना पहिल्यांदा नोंदली गेली त्या दिवसापासून मॉर्फिनची पहिली गोळी मिळेपर्यंत तुमच्याकडे रुग्णाचे किती दिवस जातात? धार-झाबुआच्या रुग्णाचे किती, इंदूर शहरातल्याचे किती? याला ना महागडी मशीन लागते ना परदेशी फंड. जुन्या फायली, एक वही आणि परवानगी मिळाली की काम सुरू.

दुखणं किती, यासाठी ० ते १० मधला आकडा विचारतो तो पुरेसा नाही का?

ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

एका आजींकडे मी जात असे. ऐंशीच्या पुढच्या, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, हाडांत गेलेला. फॉर्म उघडून मी विचारलं, “आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होईना इतकं. आज किती?” आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, रुपयातले बारा आणे दुखतंय. चार आणे देवाने सोडलेत, तेवढ्यात तुझ्याशी बोलतेय.”

मी पटकन साडेसात लिहिलं. हिशेब बरोबर होता आणि नोंद चुकीची होती. प्रश्नावली ज्या पद्धतीने तपासलेली असते त्या पद्धतीने विचारली तरच तिचा आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडता येतो. मी मध्येच नाण्यांचं रूपांतर केलं की ती वेगळी प्रश्नावली झाली. आजींचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आकड्याची जागा रिकामी सोडायची, आणि जुन्या पिढीला आण्यांत विचारलं तर उत्तर अधिक पक्कं येतं का, हा स्वतंत्र अभ्यास करायचा, हे मला पुढे उमगलं. चार दिवसांनी मॉर्फिन लागू पडल्यावर आजी म्हणाल्या, “आज चवन्नी.” तो दिवस मला अजून आठवतो.

आकड्यांहून अवघड असतात शब्द. ठणका, कळ, सणक, रग, ठुसठुस, आग, मुंग्या हे सगळे मराठीत ‘दुखणं’च आहे. आग आणि मुंग्या म्हणणाऱ्याला बहुधा नसेचं दुखणं असतं, त्याला औषधही वेगळं लागतं. केसपेपरवर मात्र सगळ्यांसाठी इंग्रजीत ‘पेन’ एवढंच उतरतं. हिंदी बोलणारा रुग्ण ‘घबराहट’ म्हणतो तेव्हा त्याला दम लागलेला असू शकतो, मळमळ असू शकते, छातीत धडधड किंवा नुसती भीतीही. आपल्या आज्या ‘जीव घाबरा होतो’ म्हणतात, तिथेही तेच. लक्षणांच्या प्रश्नावलीत चिंता आणि धाप यांचे रकाने वेगवेगळे असतात. तुम्ही कुठे टिक करणार? झाबुआहून आलेली भिली बोलणारी बाई असेल तर तिचा शब्द आधी नवऱ्याच्या हिंदीतून येतो, मग आपल्या डोक्यातल्या मराठीतून, आणि शेवटी कागदावर इंग्रजीत पडतो.

म्हणून प्रश्नावलीचं भाषांतर हे स्वतःच संशोधन आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्यायचं, आणि मग दहा-पंधरा रुग्णांना विचारून बघायचं की हा प्रश्न वाचून तुम्हाला काय कळलं. घरी मराठी, बाहेर हिंदी, कामावर इंग्रजी असं ज्यांचं आयुष्य चाललं आहे, त्या इंदूरकरांहून या कामाला लायक माणसं मला तरी माहीत नाहीत. एक सावधगिरी घ्या. बहुतेक प्रश्नावल्यांवर कुणाचा तरी हक्क असतो. ईओआरटीसी या युरोपीय कॅन्सर-संशोधन संस्थेची, रुग्णाचं रोजचं जगणं मोजणारी क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत तयार आहे, पण वापरण्याआधी परवानगी घ्यावी लागते. नवं भाषांतर करण्याआधी आधीचं आहे का ते बघा, आणि परवानगीशिवाय झेरॉक्स वाटू नका.

ऑडिट आणि संशोधन यात फरक काय?

आपल्या वॉर्डात ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे होतंय का, हे बघणं म्हणजे ऑडिट. मॉर्फिन सुरू केलेल्या प्रत्येकाला सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलं गेलं का? आणि इतरांनाही उपयोगी पडेल असं नवं काही शोधणं म्हणजे संशोधन. सुरुवात ऑडिटने करा, हात बसतो. पण पुढे छापायचा विचार असेल तर आधीच एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीला, विचारा. माहिती गोळा झाल्यावर परवानगी मागणं चालत नाही.

इतक्या आजारी माणसाकडे संमती मागायची कशी? आणि घरचे म्हणाले, “त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका,” तर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची गणना खास संरक्षण लागणाऱ्या गटात केली आहे. याचा अर्थ त्यांना विचारूच नका असा नाही. जास्त जपून विचारा, एवढाच.

संमती रुग्णाची, त्याला समजेल त्या भाषेत. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर अंगठा. शुद्ध हरपलेली असेल तर कायदेशीर प्रतिनिधी. हे नियमाचं झालं. प्रत्यक्षात मी काय करते ते सांगते. पहिल्या भेटीत अभ्यासाचा विषयच काढत नाही. त्या दिवशी दुखणं आटोक्यात आणायचं, जखम धुवायची, तोंड साफ करायचं. दुखण्याने तळमळणारा माणूस नर्स सांगेल त्या कागदावर सही करतो, त्या सहीला अर्थ नसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत विचारायचं, माहितीपत्रक ठेवून यायचं, आणि उत्तर पुढच्या वेळी घ्यायचं. अभ्यास लांबला तर दर वेळी पुन्हा विचारायचं, कारण सोमवारी हो म्हणणारा शुक्रवारी इतका थकलेला असतो की बोलावंसंच वाटत नाही. आणि नकार आला तर सेवेत तसूभर फरक पडणार नाही हे नुसतं कागदावर असून भागत नाही. पुढच्या भेटीत तितक्याच मायेने जाऊन ते दाखवून द्यावं लागतं.

आता निदान लपवण्याचं. आपल्या घरांत हे रोजचं आहे. दारातच मुलगा चप्पल घालायच्या जागी थांबवतो आणि कुजबुजतो, “सिस्टर, बाबांना अल्सर म्हणून सांगितलंय.” अशा रुग्णांना सरसकट वगळलं तर आपल्या समाजातला मोठा भाग अभ्यासाबाहेर राहतो. मग निष्कर्ष कुणाचे म्हणायचे? माझा मार्ग असा आहे. निदानाची बातमी माहितीपत्रकातून पहिल्यांदा कळता कामा नये, म्हणून अभ्यास लक्षणांचा असेल तर पत्रकात ‘गंभीर आजार’, ‘दम लागणं’, ‘दुखणं’ असं लिहायचं आणि एथिक्स कमिटीला ते का, हे आधीच सांगायचं. पण खोटं एक अक्षर लिहायचं नाही, बोलायचं नाही. आणि बोलता बोलता रुग्णाने थेट विचारलं, “सिस्टर, मला नेमकं काय झालंय?” तर फाइल मिटायची. त्या क्षणापासून आपण फक्त नर्स. त्याला काय ठाऊक आहे, किती जाणून घ्यायचं आहे हे ऐकायचं, मुलाला जवळ घ्यायचं, डॉक्टरांना बोलवायचं. त्या दिवशीचा डेटा गेला तर जाऊ द्या.

आमच्या छोट्या संस्थेत एथिक्स कमिटीच नाही. मग?

ज्या संस्थेची कमिटी नोंदणीकृत आहे तिच्याशी लेखी करार करून तिच्याकडून परवानगी घेता येते. औषधाची चाचणी असेल तर २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली लागते. कमिटीला घाबरू नका. तिच्यात डॉक्टर असतात तसे कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राचे लोक आणि सामान्य नागरिकही असतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. त्या सामान्य नागरिकाला तुमचं माहितीपत्रक कळलं नाही, तर रुग्णाला कळणार नाही हे धरून चाला. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन आहे.

आणि संमतीपत्राचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नाव-पत्त्याची यादी वेगळी, कुलुपात. उत्तरांच्या कागदावर फक्त क्रमांक.

अभ्यास चालू असताना रुग्ण गेला तर सगळं वाया जातं का?

नाही. या क्षेत्रात माणसं अभ्यास पूर्ण होण्याआधी जाणारच. २०१३ मध्ये आलेल्या ‘मोरकेअर’ मार्गदर्शक सूचनांनी गळतीचे तीन प्रकार वेगळे नोंदवायला सांगितलं: मृत्यूमुळे, आजार वाढल्यामुळे, आणि योगायोगाने, म्हणजे पत्ता बदलला, फोन लागेना वगैरे. पहिले दोन प्रकार म्हणजे अभ्यासातला दोष मानायचा नाही, ते या रुग्णांचं वास्तव आहे. मात्र आधीच हिशेबात धरायचं. मोजमापाची मुख्य वेळ लवकरची ठेवा. तीन महिन्यांनी काय झालं यापेक्षा सात दिवसांनी काय झालं हे विचारा. प्रश्नावली इतकी छोटी ठेवा की एका कुशीवर पडल्या पडल्या पुरी होईल. पंधरा प्रश्नांत भागत असेल तर तीस विचारणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. चौदाव्या दिवशी फोन करून प्रश्न विचारायचे होते. यादीप्रमाणे मी फोन लावला, बाईंनी उचलला, मी नेहमीच्या सुरात म्हटलं, “काकू, काकांचं आज कसं आहे?” पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. काका आदल्या संध्याकाळी गेले होते. बातमी टीममधल्या एकीला कळली होती, यादीत चढली नव्हती. त्या दिवसानंतर आमच्याकडे नियम झाला: कोणताही फोन लावण्याआधी त्या सकाळची भेटवही बघायची आणि त्या भागातल्या आशाताईंना विचारायचं. तुमच्या अभ्यासाच्या आराखड्यात हा नियम पहिल्या पानावर लिहा.

मला आकडेवारी येत नाही.

बहुतेकांना येत नाही. कम्युनिटी मेडिसिनच्या विभागात किंवा ओळखीत कुणी संख्याशास्त्र जाणणारं असेल तर माहिती गोळा करण्याच्या आधी त्यांना भेटा, नंतर नव्हे. शिवाय सगळेच प्रश्न आकड्यांचे नसतात. रात्रभर जागणारी सून तिची झोप, तिची चीड, तिची अपराधी भावना कशी सांगते, हे मुलाखतींतूनच कळतं. त्यालाही शिस्त लागते. मुलाखत रेकॉर्ड करायची, शब्दन् शब्द उतरवायचा, दोघांनी वेगवेगळं वाचून अर्थ लावायचा. मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत अर्थ लावा, इंग्रजी शेवटी. ‘कंटाळा आलाय’ हे सुनेच्या तोंडून आलेले दोन शब्द इंग्रजीत नेले की त्यातलं निम्मं सांडतं.

शिकायचं कुठे?

आधी पॅलिएटिव्ह केअर शिका. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संघटना १९९४ पासून आहे. तिचा पायाभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी आहे. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ऑनलाइन वर्ग घेते, नाइट ड्यूटी सांभाळून करता येतात. संशोधनाच्या पद्धतीसाठी चेन्नईच्या आयसीएमआर-राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ ऑनलाइन आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना तो करावाच लागतो, पण अभ्यासक्रम इतका सोपा करून सांगितला आहे की नर्सेसनीही जरूर बघावा. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरची छोटी विद्यार्थी-संशोधन योजना आहे. एमडी करायचं असेल तर पॅलिएटिव्ह मेडिसिन हा स्वतंत्र विषय आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात तो २०१२ मध्ये सुरू झाला.

आणि ‘इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर’ वाचा, ते फुकट उघडतं. महिन्यातून एक लेख, चौघींनी मिळून, ड्यूटी संपल्यावर पोह्यांच्या बशीसोबत. आमचा गट असाच सुरू झाला.

वेळ आणि पैसा?

छोट्या अभ्यासाला पैसा फार लागत नाही. झेरॉक्स, फोनचं रिचार्ज, रुग्णाला केवळ अभ्यासासाठी यावं लागलं तर बसभाडं. वेळ लागतो, आणि तो मेट्रनकडे किंवा विभागप्रमुखांकडे लेखी मागा. आठवड्यातला एक दुपारचा वेळ मिळाला तरी वर्षात एक ऑडिट सहज होतं.

लेखावर माझं नाव येईल ना?

हे पहिल्याच बैठकीत विचारा आणि लिहून घ्या, लाजू नका. अनेक महिने मी गोळा केलेली माहिती एकदा छापून आली आणि माझं नाव मला न विचारता आभाराच्या ओळीत गेलं होतं. त्याचं दुःख अजून आहे. आंतरराष्ट्रीय संकेत असा की कामात भरीव वाटा, लेखाच्या मसुद्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम रूपाला मान्यता आणि कामाची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तो लेखक. नुसती माहिती गोळा करणाऱ्याला मसुदा दाखवलाच नाही, तर तो लेखक होऊच शकत नाही. म्हणून मसुदा मागा, वाचा, दुरुस्त्या सुचवा. आणि ‘आठ दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा’ अशी ईमेल आली तर उत्तर देऊ नका.

रोज मृत्यू बघायचा, वर त्याच्या नोंदी करायच्या. मन टिकतं का?

टिकवावं लागतं. मुलाखत उतरवताना गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा कानात येतो, त्याला मी कधीच सरावले नाही. अशा मुलाखती आम्ही एकटीने ऐकत नाही, दोघी बसतो. दिवसाला एकच. शुक्रवारी टीम जमते तेव्हा त्या आठवड्यात गेलेल्यांची नावं घेतो, थोडं बोलतो, कुणाला रडू आलं तर थांबतो. नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या तीन महिन्यांत संशोधनाचं काम देतच नाही, नुसत्या गृहभेटी.

निष्कर्ष घरच्यांना सांगायचे का?

हो, पण आधी विचारून. संमती घेतानाच विचारून ठेवा की अभ्यास संपल्यावर कळवलेलं चालेल का. काहींना ते दार पुन्हा उघडायचं नसतं. ज्यांना हवं असतं त्यांच्यासाठी आम्ही एका पानाचं पत्रक मराठीत आणि हिंदीत करतो: काय विचारलं, काय कळलं, त्यामुळे आमच्या कामात काय बदललं. तक्ते नाहीत, कुणाचं नाव नाही. वर्षश्राद्धाच्या आसपासचे दिवस टाळतो.

त्या आजींच्या मुलीला मी असं पत्रक नेऊन दिलं होतं. आता आमच्या नोंदपत्रकात आकड्याच्या चौकटीखाली ‘रुग्णाचे शब्द’ अशी एक रिकामी ओळ असते, आणि ती कशी भरावी याचं उदाहरण म्हणून तिच्या परवानगीने ‘बारा आणे’ छापलेलं होतं. तिने चष्मा लावून सगळं पान वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे आईच बोलायची.” मग विचारलं, अजून एक प्रत मिळेल का. भाऊ पुण्याला असतो, त्याला पाठवायची होती.